मार्चच्या उन्हात, वाट नसलेल्या माथ्यावर: आधी पाणी आणि उतरण ठरवा, कारवीचं नंतर बघू

तुमचा प्रश्न नीट वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे डोंबिवलीचे चौघं मित्र आहेत, कळसूबाई, माहुली, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड असं सगळं करून झालंय, आता शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पलीकडे, सह्याद्रीच्या मुख्य भिंतीपासून सुटलेल्या सोंडेवरचं एक शिखर गूगल अर्थवर सापडलंय. त्याच्यावर वाट दिसत नाही, कोणी गेल्याचं कुठे लिहिलेलं नाही. पायथ्याच्या वाडीपासून चढ साडेसातशे मीटर, सरळ रेषेत अंतर तीन किलोमीटर. होळीनंतरच्या रविवारी एका दिवसात जाऊन यायचंय, आणि विचारलंय की कोयता न्यायचा का, पाणी किती, वाटाड्या लागेल का आणि ॲपवर स्वतः काढलेली रेघ पुरेल का. शिखराचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत ते उत्तम केलंत, नाहीतर पुढच्या आठवड्यात तिथे नाश्त्यासकट बस गेली असती.

तुमचे चारही प्रश्न वर चढण्याबद्दलचे आहेत. पण अशा डोंगरात माणसं अडकतात ती बहुतेक उतरताना. दुपारी दीड-दोनला, बाटलीत अर्धा लिटर राहिलेलं असताना, खालची वाडी डोळ्यासमोर दिसतेय आणि मध्ये एक कडा आहे जो सकाळी चढताना लागलाच नव्हता. त्यामुळे मी कोणी विचारलं तर उलटीकडून सुरू करतो. उतरायला किती पाणी आणि किती उजेड हातात हवा ते आधी धरा, त्यातून जे उरेल तेवढ्यात जिथवर पोचाल तिथवर तुमची चढाई. त्यात माथा बसला तर बसला.

नळीच्या वाटेचा अनुभव इथे फार धरू नका, हे जरा टोचेल पण खरं आहे. नळीची वाट दमवते, घाबरवते, पण कुठे वळायचं आणि कुठला पॅच कुठून घ्यायचा हे आधीच्या लोकांनी ठरवून ठेवलंय, तुम्ही फक्त चढता. वाट नसलेल्या डोंगरात निम्मा दम निर्णय घेण्यात जातो. दहा पावलं जायचं, थांबायचं, बघायचं, मागे यायचं. तासाला अर्धा किलोमीटर पडला तरी मी खूश असतो, आणि दाट कारवी, म्हणजे उतारावर माजणारं काठ्यांचं झुडूप, असेल तर तेवढंही होत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या इथे बसून मला सांगता येणार नाहीत. तिथली कारवी हिरवी आहे की फुलून मेलेली, गवत जळून गेलंय की अजून कमरेएवढं उभं आहे, वाडीतली गुरं कुठवर चढतात, जागा अभयारण्याच्या हद्दीत येते का. माहुली तानसा अभयारण्यात येतो, वरचा घाटमाथा बराचसा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. तुमचं शिखर नक्की कुणाच्या हद्दीत ते त्या बीटच्या वनरक्षकाला आधी विचारा. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मार्चमध्ये वणव्यांमुळे वनखात्याची माणसं तशीही फिरतीवर असतात, कोरड्या गवतातून सॅक लावून निघालेले चार अनोळखी लोक त्यांना आवडत नाहीत.

आता रेघेचं बोलू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहे.

आपला सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, एकावर एक, जवळजवळ आडवे. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा उतार होतो आणि त्याच्यावर माती, रान, गवत साठतं, त्याला आपण पदर म्हणतो. कडा, पदर, कडा, पदर असा डोंगर वर जातो. म्हणजे प्रत्येक कड्याच्या पट्ट्यात एक कच्ची जागा सापडली की झालं, बाकी पदरावर आडवं चालायचं असतं. ही कच्ची जागा साधारण तीन ठिकाणी मिळते: जिथे सोंड कड्याला येऊन भिडते, जिथे उभ्या भेगेवर पाण्याने नाळ, म्हणजे अरुंद उभी घळ, कोरलीय, आणि जिथे दरड कोसळून कड्याची उंची मोडलीय. पहिली सगळ्यात चांगली, दुसरी कामाची पण दगड पडतात, तिसरीचा घसारा मार्चमध्ये इतका कोरडा आणि सुटा असतो की मी नाईलाज असेल तरच घेतो.

ॲपवरच्या रेघेला यातलं काही दिसत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ५० हजारी (१:५०,००० प्रमाणाचा) नकाशा घेतलात तर त्यात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटर उंचीच्या अंतराने आहेत. १५ मीटरचा सरळसोट कडा दोन रेषांच्या मध्ये आरामात लपतो. फोनमधले बहुतेक नकाशे उपग्रहाच्या ज्या उंचीवर चालतात ती तीसेक मीटरच्या चौकोनाला एक आकडा अशी असते, म्हणजे तिथे कडा गुळगुळीत होऊन चढ बनतो. तुम्ही रेघ काढता, ॲप म्हणतं ४० अंशांचा उतार, आणि जागेवर गेलं की पाच मजली भिंत. रेघ काढा, जरूर काढा, पण तिचा उपयोग एवढाच की कुठल्या सोंडेवर सुरुवात करायची.

त्यापेक्षा हे करा. गूगल अर्थ कॉम्प्युटरवर उघडा, फोनवर नको, आणि जुन्या तारखांचे फोटो बघा. पावसाळ्यानंतरचा फोटो सगळा हिरवा असतो, काही कळत नाही. एप्रिल-मेचा फोटो मिळाला तर त्यात पिवळ्या गवतातून गेलेल्या ढोरवाटा पांढऱ्या दोऱ्यासारख्या दिसतात, आणि जे रान तेव्हाही गडद हिरवं आहे तिथे ओल आहे, सावली आहे, बहुतेक नाळ आहे. ढोरवाटा कुठे संपतात ते बघा. जिथे संपतात तिथून पुढे तुमचं खरं काम सुरू. तुमच्या साडेसातशेपैकी खालचे साडेतीनशे मीटर तरी ढोरवाटांनी निघावेत असा माझा अंदाज आहे, वाडी जवळ असेल तर जास्तच.

आणि शक्य असेल तर आधी एकदा नुसतं बघायला जा, शिखरावर नाही, समोरच्या टेकाडावर. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरकं ऊन पडलं की कड्याचे पट्टे आणि त्यातल्या खाचा सावलीने उठून दिसतात. दुपारी बारा वाजता तोच डोंगर सपाट दिसतो. चांगल्या झूमचे फोटो काढा आणि घरी बसून त्यावर बोटाने वाट शोधा. आमच्या ग्रुपमध्ये यावर जेवढे वाद होतात तेवढे डोंगरात होत नाहीत, आणि ते बरंय.

आता पाणी. तुम्ही लिहिलंय माणशी तीन लिटर, वर कुठेतरी झरा असेलच. झरा असेलच हे वाक्य डोक्यातून काढून टाका. गडावर पाणी असतं कारण कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वी कातळात टाकी खोदून ठेवलीत. तुमच्या बिनगडाच्या शिखरावर कोणी टाकं खोदायला गेलेलं नाही. उंबर दिसला, जांभळीची दाट झाडी दिसली की ओल जवळ असते हे खरं, पण मार्चमध्ये ती ओल वीतभर चिखल आणि त्यावर मधमाश्या एवढीच निघू शकते. वाडीतल्या माणसाने बोट दाखवून "त्या खबदाडात आत्ता पाणी आहे, परवाच गेलो होतो" असं सांगितलं तरच ते पाणी धरा, आणि तेही बोनस म्हणून.

माझा हिशोब असा. पहाटे सावलीत तासाला अर्धा लिटर, ऊन लागल्यावर पाऊण ते एक लिटर. तुम्ही पाचला निघून तीनच्या सुमारास परत ढोरवाटेला लागलात तर दहा तास. म्हणजे माणशी सहा लिटर. चौघांचे २४ किलो नुसतं पाणी, हो, जड होणार, पण हे वजन तासागणिक कमी होतं आणि बाकीचं सामान तुम्ही कमी करू शकता. वाडीतून निघताना सावकाश लिटरभर पिऊन घ्या, ते पोटातून नेलेलं पाणी मोजायचं नाही. जाताना पदरावर माणशी एक लिटर दगडाखाली नीट पुरून ठेवा, ते उतरतानाचं. उघड्यावर ठेवलंत तर वानरं बाटली फोडतात. आणि हे तेव्हाच करायचं जेव्हा त्याच वाटेने उतरायचं पक्कं आहे.

अजून एक, हे पाणी घरून किंवा आसनगावहून भरून न्या. वाडीतल्या विहिरीवर २४ लिटर भरू नका. मुंबईला जाणारं तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी याच भागातलं, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. तिथल्या बायका हंडाभर पाण्यासाठी किती चालतात ते एकदा बघितलं की कॅन पुढे करायला हात होत नाही.

नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. घामातून मीठ जातं, वर फक्त साधं पाणी पीत राहिलं की पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळतं, डोकं हलकं होतं. सहातले दोन लिटर तरी ओआरएसचे करा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा धरा. काकडी, संत्री, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, थेपले चालतात. वडापाव नको, उन्हात तेलकट खाल्लं की दुप्पट तहान. कोणी बडबडता माणूस एकदम गप्प झाला, उलटसुलट उत्तरं द्यायला लागला, अंग तापलंय आणि पावलं अडखळताहेत असं दिसलं की शिखर तिथेच संपलं. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, मान, काखा, जांघा ओल्या करा आणि वारा घाला. पाणी वाचवायचं म्हणून ओलं करायला कचरू नका, आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, १०८ ला फोन लागतो का बघा.

उन्हाच्या बाबतीत तुमची बाजू चांगली आहे. शहापूरकडून चढताना तुम्ही पश्चिमेच्या बाजूला आहात, सूर्य भिंतीच्या मागून येतो, त्यामुळे दहा-साडेदहापर्यंत बरीचशी चढाई सावलीत निघते. पण याचं दुसरं टोक असं की दुपारी एकनंतर तीच भिंत तापायला लागते आणि काळा कातळ वरच्या उन्हाइतकीच खालून उष्णता फेकतो. उतरताना तुम्ही नेमके त्यात. म्हणून वेळ असा बसवा: मार्चच्या मध्यात उजाडतं पावणेसातला आणि मावळतं साधारण पावणेसातलाच. शनिवारी रात्री वाडीत, शाळेच्या ओट्यावर वगैरे, विचारून झोपा. पहाटे पाचला हेडटॉर्च लावून ढोरवाटेने निघा, सव्वासातला पदरावर. पुढचे चारशे मीटर बिनवाटेचे, तासाला शंभर-सव्वाशे मीटर चढ धरला तर साडेतीन तास, म्हणजे पावणेअकरा. अकरा वाजले की जिथे असाल तिथून मागे. माथा वीस मिनिटांवर दिसत असला तरी. ही वेळ निघताना चौघांनी मोठ्याने बोलून ठरवायची, कारण वर गेल्यावर प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं. बिनवाटेचं उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो हे पण धरून ठेवा, ढोरवाटेसारखं धावत येता येत नाही.

कारवी. तुम्हाला हीच मुख्य अडचण वाटतेय. कारवी साधारण आठ वर्षांनी एकदम फुलते आणि मग मरते, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात २०१६ ला फुलली, नंतर २०२४ ला. डोंगराडोंगराचं वर्ष वेगळं असू शकतं. जिवंत कारवी वाकते, बुडाशी मूठभर धरली तर वजनही पेलते. फुलून मेलेली कारवी कडकन मोडते, आणि तुमच्या हातात काठी राहते, तुम्ही खाली. म्हणून पहिल्या पट्ट्यातच चार-पाच काठ्या वाकवून बघा. मेलेली असेल तर तिला आधार मानून कुठेही पाय टाकायचा नाही. दोघांमध्ये दोन-तीन मीटर अंतर ठेवा, पुढच्याने सोडलेली काठी मागच्याच्या डोळ्यात बसते. साधा प्लास्टिकचा गॉगल आणि हार्डवेअरच्या दुकानातले कामाचे हातमोजे, एवढ्याने निम्मा त्रास वाचतो. सॅकच्या बाहेर मॅट, बाटली, कप काही लटकवू नका, कारवी सगळं काढून घेते.

कोयता नको. अभयारण्य असेल तर चाकू-कोयतासुद्धा कायद्याच्या भाषेत शस्त्र, वर झाडतोड हा वेगळा विषय. पण कायदा बाजूला ठेवला तरी, तिरका तोडलेला कारवीचा बुडखा म्हणजे जमिनीत रोवलेला सुळा, आणि त्याच उतारावरून तुम्ही घसरत खाली येणार आहात. शिवाय तोडत जाणाऱ्याला तासाभरात दुप्पट घाम येतो. कारवीतून जायचं कसब म्हणजे कारवीत कमीत कमी शिरणं. सोंडेचा कणा पकडला तर तिथे माती कमी, कारवी विरळ, वारा असतो. नाळेत दगड असतात म्हणून कारवी नसते. मधल्या उतारावर ती सगळ्यात दाट. म्हणजे थोडा वळसा पडला तरी कणा धरा. रानडुकरांनी कारवीत केलेले बोगदे दिसतील, कमरेएवढे उंच, फार मोह होतो. शिरायचं असेल तर आधी आवाज करा, दुपारी ती आतच पडलेली असतात आणि समोरासमोर आलं की मागे फिरत नाहीत.

गवताबद्दल कोणी बोलत नाही, पण मला कारवीपेक्षा वाळलेलं गवत जास्त भीतीदायक वाटतं. तिरक्या उतारावर आडवं झोपलेलं पिवळं गवत म्हणजे बुटाखाली तेल लावल्यासारखं होतं, आणि खाली कडा असेल तर थांबायला काही नसतं. पाय गवताच्या बुंध्यावर, वरच्या अंगाला, अख्खा तळवा टेकून. चढताना जी आडवी ट्रॅव्हर्स तुम्हाला नको वाटली ती उतरताना करू नका. आणि कुसळं! सुती मोजे आणि जाड जीन्स घालून गेलात तर दिवसभर टोचत राहतील, गुळगुळीत कापडाची ट्रॅक पँट आणि वरून गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचं आवरण), नाहीतर घोट्याला चिकटपट्टी गुंडाळा. ती रुंद चिकटपट्टी सॅकमध्येही ठेवा, खाजकुयलीच्या शेंगा या दिवसांत वाळलेल्या असतात, तिची लव अंगावर पडली तर चोळायचं नाही, खाजवायचं नाही, पट्टी लावून उपटून काढायची आणि मग धुवायचं.

वणवा हा मार्चचा खरा धोका. शेतात राब भाजतात (पेरणीआधी पालापाचोळा जाळतात), मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, कोणी विडी टाकतं, आणि आग रानात शिरते. आग चढावर धावते, तुमच्यापेक्षा कितीतरी जोरात, आणि नाळ असेल तर धुराड्यासारखी वर खेचते. म्हणून खाली धूर दिसला आणि वारा तुमच्याकडे येतोय तर वर पळू नका आणि नाळेत तर अजिबात शिरू नका. आडवे निघा, उघडा कातळ, नाहीतर आधीच जळून काळी झालेली जमीन गाठा, काळ्यात आग परत येत नाही. निघायच्या आधीच चारही बाजूंना धूर आहे का बघा, असेल तर घरी या. स्वतः चूल, शेकोटी, सिगारेट काही नाही. यावर माझ्याशी वाद घालू नका.

बिबट्याबद्दल विचारलं नाहीत, चांगलं केलंत. आग्या माशांबद्दल विचारायला हवं होतं. कड्याच्या पुढे आलेल्या छताखाली काळी पोळी लटकलेली दिसली तर त्या कड्याखालून जायचंच नाही, दुसरी कच्ची जागा शोधा. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा, ड्रोन काही नको. उठल्याच तर चेहरा झाकून पळा, झटकत बसू नका. सापांसाठी एवढंच की हात टाकायच्या आधी जागा बघा, फुरसं उन्हात तापलेल्या दगडाच्या फटीत बसतं आणि तुमची हाताची पकड तिथेच असते. चावलंच तर आवळून बांधू नका, कापू नका, पाय हलवू न देता उचलून खाली आणा आणि सरळ सरकारी दवाखाना, वाटेत १०८.

वाटाड्या: हो, घ्या. पण कसा विचाराल त्यावर सगळं आहे. "वर वाट आहे का?" असं विचारलं की उत्तर "आहे की" असंच येतं, पाहुण्याला नाही कसं म्हणायचं. आणि "इथंच, अर्धा तास" यावर तर मी काही बोलतच नाही. त्यापेक्षा विचारा की गुरं कुठवर जातात, मध काढायला कोण जातं, तुम्ही स्वतः शेवटचे कधी गेलात, तेव्हा कुठल्या नाळेने चढलात, पाणी कुठल्या महिन्यात आटतं. वाडीत मध काढणारा एक तरी ठाकर नाहीतर महादेव कोळी दादा असतो ज्याला प्रत्येक कड्याची कच्ची जागा पाठ असते. पैसे आधी ठरवा, घासाघीस करू नका, त्याचं जेवण आणि पाणी तुमच्या हिशोबात धरा, तो अनवाणी, एक बाटली घेऊन येतो म्हणून त्याला तहान लागत नाही असं नाही. दादा म्हणाला "आज नको" तर कारण विचारा आणि ऐका. फक्त होळीच्या आसपास जाताय तर आधी फोन करून या, शिमग्यात सगळी वाडी नाचात असते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला कोणी उठत नाही. मी तुमच्या जागी असतो तर आणखी एक आठवडा पुढे ढकललं असतं, किंवा खरं सांगायचं तर डिसेंबर-जानेवारीवर टाकलं असतं. तेव्हा ऊन सोसतं, नाळेत कुठे कुठे पाणी असतं, वणवे नसतात. पण तुम्ही विचारलंय मार्चचं, म्हणून मार्चचं सांगतोय.

आता उतरण, जिच्यापासून मी सुरुवात केली होती. चढताना सगळ्या सोंडा माथ्याकडे एकत्र येतात, चुकलात तरी वरच पोचता. उतरताना उलटं, प्रत्येक फाट्यावर सोंड दोन होते आणि चुकीची सोंड पहिली शंभर मीटर अगदी बरोबरसारखीच दिसते. म्हणून चढताना प्रत्येक वळणावर मागे वळून बघायचं, शेवटच्या माणसाने खालच्या दिशेचा फोटो काढायचा. भगव्या किंवा लाल कापडाच्या पट्ट्या डोळ्याच्या उंचीवर बांधत जा, वरून येताना दिसतील अशा, आणि परतताना प्रत्येक सोडून आणा. चढतानाचा ट्रॅक दोन फोनवर चालू ठेवा, तो तुमच्या घरी काढलेल्या रेघेपेक्षा खूप मोलाचा, पण कड्याच्या पोटात जीपीएस उड्या मारतं, तिथे पट्टीवरच विश्वास.

आणि वाट हरवली तर नाळेने उतरायचं नाही. सगळ्यांना वाटतं ओढा आहे म्हणजे गावाकडेच जाणार. जातो, पण प्रत्येक कठीण थरावर तो कोरड्या धबधब्यातून उडी मारून जातो. पहिली सहा फुटांची उडी तुम्ही घसरत उतरता, दुसरी दहा फुटांची, तिसरी चाळीस, आणि आता वरची दहा फुटांची परत चढता येत नाही. जे चढून परत जाता येणार नाही ते उतरायचं नाही. शेवटच्या सापडलेल्या पट्टीपर्यंत परत वर चढा, कितीही कंटाळा आला तरी. दोर न्यायचा असेल तर चौघांपैकी निदान एकाने अँकर लावायला, म्हणजे दोर कातळाला किंवा झाडाला पक्का अडकवायला, नीट शिकलेलं असावं, नुसता दोर असला की नको तिथे उतरायची हिंमत येते. घरी एकाला लिहून द्या, कुठल्या वाडीतून, कुठल्या सोंडेने, संध्याकाळी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. खाली रेंज नसते, माथ्यावर कधी कधी घाटावरच्या टॉवरची मिळते.

मग तुमचं काय करायचं? ढोरवाटेने पदरापर्यंत जा, पदरावर आडवं फिरून कच्ची जागा बघा, पट्ट्या बांधा आणि दुपारच्या आत खाली या, या रविवारी एवढंच करा असं माझं मत आहे. माथा पुढच्या खेपेला. ते पटत नसेल तर वर लिहिलेली अकराची वेळ आणि सहा लिटर, या दोन गोष्टी तरी सोडू नका.

समोरच्या टेकाडावरून काढलेले फोटो असतील तर इथेच टाका, शक्यतो संध्याकाळी पाचनंतरचे. पट्टे दिसले तर कुठल्या सोंडेपासून सुरुवात करायची ते बघून सांगतो.